जॉन ड्यूई

जॉन ड्यूई (२० ऑक्टोबर १८५९ – १ जून १९५२) हे अमेरिकन तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ होते. चार्ल्स सँडर्स पर्स आणि विल्यम जेम्स यांच्याबरोबर फलप्रामाण्यवाद या तत्त्वज्ञानपंथाचे ते एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. शाळेतील विषय मुलाच्या जगण्याशी जोडलेला असावा आणि त्याच वेळी त्याच्या विचारशक्तीचा कस पाहणारा असावा, हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा होय. या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकीवाचून दुसरी टिकत नाही, असे त्यांचे मत होते.

शिकागो येथे १८९६ साली त्यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा शाळा आणि १९१६ साली प्रसिद्ध झालेला ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ यांचा विसाव्या शतकातील शालेय शिक्षणावर मोठा प्रभाव पडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक म्हणून भारतात त्यांचे नाव विशेष परिचित आहे.

बालपण व शिक्षण

ड्यूई यांचा जन्म अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. वडील आर्चिबाल्ड ड्यूई यांचे किराणा मालाचे दुकान होते. अमेरिकेतील यादवी युद्धात त्यांनी उत्तरेकडील सैन्यात काम केले. आई ल्युसिना या धर्मनिष्ठ होत्या आणि मुलांनी महाविद्यालयीन शिक्षण घ्यावे असा त्यांचा आग्रह होता. जॉन यांच्या जन्माच्या वर्षीच त्यांच्या थोरल्या भावाचा भाजल्यामुळे मृत्यू झाला होता. त्याचेच नाव त्यांना देण्यात आले. त्यांचे दुसरे भाऊ डेव्हिस रिच ड्यूई हे पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

शँप्लेन सरोवराच्या काठी वसलेले बर्लिंग्टन त्या काळी लाकडाच्या व्यापाराचे केंद्र होते. लहानपणी जॉन वर्तमानपत्रे टाकत, तसेच कॅनडातून येणाऱ्या लाकडाची मोजदाद करण्याचे काम करत. घरकामात आणि शेतीच्या कामात मुलांनी हातभार लावणे ही तेव्हाची सर्वसामान्य रीत होती. शाळेत मात्र पाठ्यपुस्तक पाठ करून म्हणून दाखवणे हाच मुख्य कार्यक्रम असे. महाविद्यालयात जाईपर्यंत आपले खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले, असे त्यांना पुढील आयुष्यात वाटत असे. वर्गातील शिक्षण आणि वर्गाबाहेरील जीवन यांमधील ही दरी त्यांच्या विचाराचा कायमचा विषय बनली.

१८७९ साली ते व्हरमाँट विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ऑइल सिटी येथील माध्यमिक शाळेत अध्यापन केले. काही काळ व्हरमाँटमधील शार्लट या गावातील शाळेतही त्यांनी शिकवले. याच सुमारास त्यांचे पूर्वीचे प्राध्यापक टॉरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे तत्त्वज्ञानाचे वाचन चालू होते. १८८२ साली पाचशे डॉलर कर्ज काढून त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे जॉर्ज सिल्व्हेस्टर मॉरिस यांच्यामुळे हेगेलच्या तत्त्वज्ञानाशी आणि जी. स्टॅन्ली हॉल यांच्यामुळे प्रायोगिक मानसशास्त्राशी त्यांचा परिचय झाला. कांटच्या मानसशास्त्रावरील प्रबंधासाठी १८८४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मिशिगन विद्यापीठ

१८८४ ते १८९४ या काळात, मिनेसोटा विद्यापीठातील एका वर्षाचा अपवाद वगळता, ड्यूई मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते. त्यांचे ‘सायकॉलॉजी’ हे पाठ्यपुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठ आणि माध्यमिक शाळा यांच्यात दुवा साधण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. मुले प्रत्यक्षात कशी शिकतात आणि शाळा त्यांना कशा रीतीने शिकवतात यांतील विसंगती त्यांना या कामात जाणवू लागली.

१८८६ साली त्यांचा विवाह ॲलिस चिपमन यांच्याशी झाला. ॲलिस या मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थिनी होत्या आणि त्यापूर्वी त्यांनी शाळेत शिकवले होते. ड्यूई यांचे लक्ष शुद्ध तत्त्वचर्चेकडून सामाजिक प्रश्नांकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

शिकागो आणि प्रयोगशाळा शाळा

१८९४ साली ड्यूई नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व अध्यापनशास्त्र यांच्या संयुक्त विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. ते शिकागोत आले तेव्हा पुलमन रेल्वेडबे कारखान्यातील कामगारांचा संप चालू होता. स्थलांतरितांच्या दाट वस्त्या, कारखाने आणि दारिद्र्य यांचे जवळून दर्शन त्यांना या शहरात घडले. जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या सामाजिक केंद्राशी त्यांचा निकटचा संबंध आला. शेतात आणि घरच्या उद्योगांत सहजपणे मिळणारे शिक्षण औद्योगिक शहरातील मुलांना मिळेनासे झाले आहे, त्यामुळे ती उणीव शाळेने भरून काढली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

या विचाराची पडताळणी करण्यासाठी जानेवारी १८९६ मध्ये विद्यापीठाच्या वतीने एक प्राथमिक शाळा सुरू करण्यात आली. आरंभी तिच्यात १६ मुले आणि दोन शिक्षक होते. भौतिकशास्त्राच्या विभागाला जशी प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्राला शाळा लागते, अशी त्यामागील भूमिका होती. म्हणून ती प्रयोगशाळा शाळा या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०२ पर्यंत विद्यार्थ्यांची संख्या १४० झाली आणि २३ शिक्षक व १० साहाय्यक तेथे काम करू लागले.

शाळेसाठी सामान जमवताना आलेला एक अनुभव ड्यूई यांनी नोंदवून ठेवला आहे. मुलांना हातांनी काम करता येईल अशी टेबले त्यांना शहरातील दुकानांत मिळेनात. मिळत होती ती सर्व बाके मुलांनी स्वस्थ बसून ऐकावे अशा बेताने बनवलेली होती आणि ही गोष्ट एका विक्रेत्यानेच त्यांच्या लक्षात आणून दिली. रूढ वर्गाची संपूर्ण रचना ऐकण्यावर उभी असून करण्याला तीत जागा नाही, या त्यांच्या निरीक्षणाला हा अनुभव पुष्टी देणारा ठरला.

शाळेतील अध्यापन

प्रयोगशाळा शाळेत स्वयंपाक, सुतारकाम, शिवण व विणकाम आणि शेती ही कामे अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी होती. त्यांचा हेतू कारागीर घडवणे हा नव्हता. माणसाच्या मूलभूत गरजांतून निर्माण झालेल्या या कामांमधून इतिहास, भूगोल, गणित आणि विज्ञान यांकडे जाण्याचे मार्ग निघतात, म्हणून त्यांची निवड केली होती. सर्वांत लहान गटाचा अभ्यास घर आणि घरातील कामे यांपासून सुरू होई. सहा वर्षांची मुले घराला वस्तू पुरवणारी शेतीसारखी कामे अभ्यासत, सात वर्षांची मुले आदिमानवाच्या शोधांकडे वळत आणि पुढील गट भूप्रदेशांचा शोध, शिकागोचा इतिहास व अमेरिकेतील वसाहतींचे जीवन असे विषय घेत.

कापडाच्या अभ्यासाचे उदाहरण ड्यूई यांनी सविस्तर दिले आहे. मुलांच्या हाती कापसाची बोंडे आणि लोकर देण्यात आली. बोंडातील रुई सरकीपासून हाताने वेगळी करण्यासाठी मुलांच्या एका गटाने अर्धा तास खटपट केली, तेव्हा जेमतेम एक औंसही रुई निघाली नाही. पूर्वजांनी सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरले आणि सरकी काढण्याच्या यंत्राने एवढा फरक का पडला, हे मुलांना या श्रमातून उमगले. कापसाचा तंतू आखूड व गुळगुळीत असतो, तर लोकरीचा लांब आणि खरखरीत असल्यामुळे एकमेकांत गुंततो, हा भेदही त्यांनी स्वतः तपासून पाहिला. त्यानंतर लोकर विंचरण्याचे साधन कसे असावे याचा त्यांनी शोध घेतला. भोक पाडलेल्या दगडाच्या वजनाने सूत काढण्याच्या प्राचीन पद्धतीपासून यंत्रमागापर्यंतचा प्रवास त्यांनी क्रमाक्रमाने अभ्यासला. या ओघात भूगोल, यंत्रशास्त्र आणि सामाजिक इतिहास हे विषय आपोआप आले.

धातूंच्या शोधाचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी धातू वितळवण्यासाठी मातीची बरीच मोठी भट्टी बांधली. तिचे तोंड आणि धूर बाहेर जाण्याची वाट यांचे प्रमाण चुकल्यामुळे हवेचा ओढ नीट मिळेना आणि भट्टी पेटेना. या टप्प्यावर ज्वलन, हवेचा प्रवाह आणि इंधन यांविषयीचा पाठ आवश्यक झाला. तो पाठ तयार माहितीच्या स्वरूपात आधी देण्यात आला नव्हता. प्रथम त्याची गरज निर्माण झाली आणि मग प्रयोग करून मुले नियमापर्यंत पोहोचली. ड्यूई यांच्या अध्यापनपद्धतीचा सारांश या एका प्रसंगात आढळतो. काम खरे असल्यामुळे मुलांना त्यात रस होता आणि ते अडल्यामुळे विचार करणे त्यांना भाग पडले.

स्वयंपाकाच्या तासालाही केवळ कृती पाहून पदार्थ बनवण्यावर भर नसे. अंड्याचा पांढरा भाग वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात टाकून त्याच्यात कसा बदल होतो हे मुले पाहत आणि प्राणिज अन्न व वनस्पतिज अन्न शिजवण्यात फरक का करावा लागतो याचे कारण त्यातून शोधत. वाचन, लेखन आणि आकडेमोड यांना वेगळे तास होते, पण त्यांची ओळख गरजेच्या ओघात करून दिली जाई. केलेल्या कामाची नोंद ठेवायची, मोजमाप घ्यायचे किंवा हवी ती माहिती पुस्तकातून मिळवायची म्हणजे ही कौशल्ये लागतातच, हे मुलांना अनुभवाने कळत असे.

शिक्षकांचे काम या पद्धतीत हलके झाले नव्हते. प्रत्येक विषयासाठी त्या विषयाचा जाणकार शिक्षक असे. शिक्षक नियमितपणे एकत्र येऊन मुलांच्या प्रगतीवर चर्चा करत आणि अभ्यासक्रमात बदल करत. मुलाचा प्रश्न कोणत्या शास्त्राकडे नेऊ शकतो हे ओळखण्यासाठी शिक्षकाला विषयाचे खोल ज्ञान लागते, यावर ड्यूई यांचा भर होता. पुढे शिकागो शहराच्या शाळांच्या अधीक्षक झालेल्या एला फ्लॅग यंग यांच्याशी त्यांचा या काळात निकटचा संबंध होता. शाळेविषयीच्या आपल्या कल्पना व्यवहारात कशा उतरतात हे त्यांच्याकडून शिकायला मिळाले, असे ड्यूई मानत.

या शाळेसाठी आर्थिक साहाय्य मिळावे म्हणून १८९९ साली पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानांतून ‘द स्कूल अँड सोसायटी’ हे पुस्तक तयार झाले. १९०२ च्या ‘द चाइल्ड अँड द करिक्युलम’ या छोट्या पुस्तकात त्यांनी मुलाला महत्त्व द्यावे की विषयाला, या वादाची मांडणीच चुकीची असल्याचे दाखवले. मुलाचा आजचा अनुभव आणि पिढ्यानपिढ्या जमवलेले व्यवस्थित ज्ञान ही एकाच वाटेची दोन टोके असून ही वाट मुलाला चालता यावी अशी व्यवस्था करणे हे शिक्षकाचे काम आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

राजीनामा

१९०१ मध्ये फ्रान्सिस पार्कर यांची शिक्षणसंस्था विद्यापीठात समाविष्ट झाली. पार्कर यांच्या १९०२ मधील निधनानंतर एकत्रित शिक्षण विभागाची सूत्रे ड्यूई यांच्याकडे आली आणि १९०३ मध्ये दोन्ही प्राथमिक शाळा एकत्र करण्यात आल्या. एकत्रित शाळेच्या प्राचार्यपदी ॲलिस ड्यूई यांची नेमणूक झाली. पार्कर यांच्या संस्थेतून आलेल्या शिक्षकांचा तिला विरोध होता. ही नेमणूक तात्पुरती असल्याचे विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी स्पष्ट केल्यावर १९०४ साली ड्यूई पतिपत्नींनी राजीनामे दिले. शाळा पुढे चालू राहिली, तरी ड्यूई यांच्या देखरेखीखालील प्रयोग अवघ्या आठ वर्षांत संपला.

हा काळ कौटुंबिक दुःखाचाही होता. १८९५ साली इटलीतील मिलान येथे त्यांचा धाकटा मुलगा मॉरिस घटसर्पाने दगावला होता. शिकागो सोडल्यानंतर युरोपच्या प्रवासात आठ वर्षांचा गॉर्डन आयर्लंडमध्ये विषमज्वराने मृत्यू पावला. त्यानंतर इटलीत असताना ड्यूई दांपत्याने सबिनो या मुलाला दत्तक घेतले.

कोलंबिया विद्यापीठ

१९०५ साली ड्यूई न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १९३० मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजमध्येही ते शिकवत. तेथे निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांमार्फत त्यांचे विचार जगभर पसरले.

१९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाउ वी थिंक’ या शिक्षकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी विचारप्रक्रियेचे पाच टप्पे सांगितले. प्रथम काहीतरी अडल्याची जाणीव होते. मग ती अडचण नेमकी काय आहे हे ठरवले जाते. त्यानंतर संभाव्य उत्तर सुचते, त्या उत्तरातून काय निष्पन्न होईल याचा तर्क केला जातो आणि शेवटी निरीक्षण व प्रयोग यांच्या आधारे ते स्वीकारले किंवा नाकारले जाते. त्यांनी दिलेले एक उदाहरण घरगुती आहे. साबणाच्या गरम पाण्यात धुतलेले पेले बशीवर पालथे ठेवले असता त्यांच्या कडेबाहेर बुडबुडे येतात आणि थोड्या वेळाने ते आत ओढले जातात. पेल्यातील थंड हवा तापून प्रसरण पावत असावी, असा अंदाज बांधून काही पेल्यांत थंड हवा शिरू द्यायची आणि काहींत शिरू द्यायची नाही, असा प्रयोग केला की अंदाजाची परीक्षा होते. भांडी धुण्याच्या कामातही वैज्ञानिक विचाराचे सर्व टप्पे येऊ शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

अडचण कोणत्या प्रतीची असावी यालाही त्यांच्या मते महत्त्व होते. अगदी सोपे काम मुलाला विचार करायला लावत नाही आणि आवाक्याबाहेरचे काम त्याला हताश करते. परिचित गोष्टींच्या आधाराने पेलता येईल, पण सवयीने सुटणार नाही असा प्रश्न निवडणे हे शिक्षकाचे कौशल्य आहे. शिक्षकाने विचारलेल्या, ज्याचे उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे आणि जे केवळ त्याच्या समाधानासाठी द्यायचे आहे, अशा प्रश्नाला ते खरा प्रश्न मानत नसत. गोडीसाठी धड्याला बाहेरून साखर लावणे आणि इच्छाशक्तीच्या नावाखाली कंटाळवाणे काम करून घेणे हे दोन्ही उपाय त्यांनी ‘इंटरेस्ट अँड एफर्ट इन एज्युकेशन’ (१९१३) या पुस्तकात त्याज्य ठरवले. मुलाला एखादे काम आपले वाटले की त्यासाठी लागणारे कष्ट ते स्वतःहून घेते, असे त्यांचे म्हणणे होते.

डेमॉक्रसी अँड एज्युकेशन

१९१६ सालचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ड्यूई यांचा शिक्षणविषयक प्रमुख ग्रंथ होय. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून अनुभवांची देवघेव करत एकत्र जगण्याची रीत आहे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. समाजातील गट एकमेकांपासून तुटलेले असतील तर सर्वांचाच अनुभव खुंटतो. म्हणून वेगवेगळ्या थरांतील मुलांना एकत्र काम करण्याची संधी शाळेने द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

याच सुमारास अमेरिकेत व्यवसाय शिक्षणाचा वाद रंगला होता. कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या व्यवसायशाळा असाव्यात आणि त्यांत उद्योगांना लागणारी कौशल्ये शिकवावीत, अशी डेव्हिड स्नेडन यांची भूमिका होती. १९१५ साली ड्यूई यांनी तिला जाहीर विरोध केला. शिक्षण जीवनाशी जोडणे म्हणजे मुलाला आजच्या कारखान्याच्या मापाने घडवणे नव्हे. आपण करत असलेल्या कामामागील विज्ञान, इतिहास आणि समाजव्यवस्था कळून ती व्यवस्था बदलण्याचे सामर्थ्य मुलात यावे, असा त्यांचा आग्रह होता. वेगळ्या व्यवसायशाळांमुळे समाजातील वर्गभेद शाळेच्या दाराशीच पक्का होईल, अशी त्यांना भीती वाटत होती.

डॉ. आंबेडकर यांच्यावरील प्रभाव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ड्यूई यांच्या वर्गांना उपस्थित राहत. त्यांच्या लेखनात ड्यूई यांच्या विचारांचा ठसा अनेक ठिकाणी आढळतो. लाहोर येथील जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या, पण तेथे न झालेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या भाषणात त्यांनी ड्यूई यांचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतापूर्वक निर्देश केला आहे.

समाजाने भूतकाळातून आलेले सर्वच पुढे न नेता भावी समाजाला उपकारक असेल तेवढेच निवडून पुढे न्यावे, हा विचार ड्यूई यांनी शाळेच्या कार्यासंबंधी मांडला होता. आंबेडकरांनी तो संपूर्ण हिंदू समाजाच्या वारशाला लावला. लोकशाही म्हणजे सहजीवनाची रीत, ही कल्पनाही त्यांनी स्वीकारली आणि जातिव्यवस्था अशा सहजीवनाला कशी अशक्य करते हे दाखवले. शाळेच्या संदर्भात मांडलेला विचार अशा प्रकारे सामाजिक समतेच्या लढ्याचा आधार बनला. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच्या चार दिवस आधी ड्यूई यांचे निधन झाले होते.

परदेश प्रवास

१९१९ च्या आरंभी ड्यूई यांनी जपानमध्ये व्याख्याने दिली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस ते चीनला पोहोचले आणि तेथे जुलै १९२१ पर्यंत राहिले. त्यांच्या आगमनानंतर काही दिवसांतच चीनमध्ये ‘चार मे’ची चळवळ पेटली. त्यांचे कोलंबियातील विद्यार्थी हू शी यांनी त्यांच्या अनेक व्याख्यानांचे भाषांतर केले. दुसरे विद्यार्थी ताओ शिंगझी यांनी १९२७ साली नानजिंगजवळ ग्रामीण शिक्षकांसाठी शाळा काढली. शाळेत जीवन आणण्याऐवजी जीवनालाच शाळा मानावे, असा बदल त्यांनी गुरूच्या विचारात केला. १९२४ साली तुर्कस्तानच्या सरकारच्या निमंत्रणावरून ड्यूई यांनी तेथील शाळांविषयी अहवाल दिला. त्यानंतर १९२६ मध्ये मेक्सिकोला आणि १९२८ मध्ये सोव्हिएत संघाला त्यांनी भेट दिली.

प्रगतिशील शिक्षण चळवळ आणि टीका

अमेरिकेतील प्रगतिशील शिक्षणाच्या चळवळीशी ड्यूई यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे सहकारी विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ साली मांडलेली प्रकल्प पद्धती बरीच लोकप्रिय झाली. तथापि, या चळवळीतील अनेक शाळांशी ड्यूई यांचे मतभेद होते. मुलांना मोकळे सोडले की शिक्षण आपोआप होते, असे मानून काही शाळांनी विषयांची मांडणी आणि शिक्षकाचे मार्गदर्शन या दोन्ही गोष्टींना फाटा दिला होता. १९२८ साली प्रगतिशील शिक्षण संघटनेसमोरील भाषणातच त्यांनी या प्रवृत्तीवर टीका केली.

१९३८ सालच्या ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात हा मुद्दा अधिक स्पष्ट झाला. प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. काही अनुभव पुढील वाढ खुंटवतात, तर काही नुसते आनंददायक असून कुठेच नेत नाहीत. अनुभव एकमेकांत गुंफले जाऊन पुढच्या अनुभवाला समृद्ध करतात का, या कसोटीवर शिक्षकाने त्यांची निवड करावी. ज्याचे वय आणि जाणकारी अधिक आहे त्याने आपली जबाबदारी टाळणे हा मुलांवर अन्यायच होय, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांच्यावर परंपरावादी बाजूनेही टीका झाली. रॉबर्ट हचिन्स यांनी अभिजात ग्रंथांवर आधारित शिक्षणाचा पुरस्कार करून ड्यूई यांच्या मतांना विरोध केला. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर अमेरिकन शाळांतील गणित व विज्ञानाच्या दर्जाविषयी चिंता पसरली आणि अनेकांनी त्याचा दोष ड्यूई यांच्या विचारांना दिला. भट्टीच्या चुकीतून ज्वलनाचे नियम शोधायला लावणाऱ्या शाळेच्या संस्थापकावर अभ्यास सोपा केल्याचा आरोप व्हावा, हा विरोधाभास त्यांच्या समर्थकांनी दाखवून दिला आहे. दुसरी एक मर्यादा मात्र खरी होती. प्रयोगशाळा शाळेतील मुले प्रामुख्याने सुशिक्षित घरांतील होती आणि प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला फार थोडी मुले येत. भरगच्च वर्ग, अपुरे साहित्य आणि परीक्षांचे दडपण असलेल्या सार्वजनिक शाळेत हे कसे साधावे, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तेथे मिळाले नव्हते.

सार्वजनिक कार्य व अखेरची वर्षे

ड्यूई हे १९१५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापक संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांतही ते होते. शिक्षकांना अभ्यासक्रम ठरवण्यात वाव नसेल तर ते मुलांना स्वतंत्र विचार शिकवू शकणार नाहीत, या जाणिवेने त्यांनी शिक्षकांच्या संघटनांना पाठिंबा दिला. १९३७ साली मॉस्कोतील खटल्यांत लिऑन ट्रॉट्स्की यांच्यावर ठेवलेल्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी स्वीकारले आणि त्यासाठी मेक्सिकोचा प्रवास केला. आयोगाने ट्रॉट्स्की यांना निर्दोष ठरवले.

ॲलिस यांचे १९२७ साली निधन झाले. १९४६ मध्ये ड्यूई यांनी रॉबर्टा लोविट्झ ग्रँट यांच्याशी विवाह केला आणि या दांपत्याने दोन मुले दत्तक घेतली. १ जून १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे न्यूमोनियाने ड्यूई यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बर्लिंग्टन येथे व्हरमाँट विद्यापीठाच्या आवारात ठेवण्यात आल्या आहेत. १९६८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ ३० सेंटचे तिकीट काढले.

प्रभाव

प्रकल्प, समस्या निराकरण, गटकार्य आणि कृतीतून शिक्षण या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धतींच्या इतिहासात ड्यूई यांचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतात महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ साली वर्धा येथील परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीम योजनेची तुलना त्यांच्या विचारांशी वारंवार केली जाते. हस्तोद्योगातून इतर विषय शिकवणे हे दोहोंत समान आहे. मात्र नई तालीममध्ये उद्योगाच्या उत्पन्नातून शाळा स्वावलंबी व्हावी अशी अपेक्षा होती, तर ड्यूई यांच्या शाळेत कामाचे आर्थिक मूल्य गौण होते. महाराष्ट्रातील शिक्षक प्रशिक्षणात रूढ झालेल्या ज्ञानरचनावादाची चर्चाही जाँ पियाजे आणि लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्याबरोबर ड्यूई यांच्या उल्लेखाने होते.

वर्गात साहित्य आले, गट पडले आणि मुले हालचाल करू लागली म्हणजे ड्यूई यांची पद्धत आली, असे नाही. त्या हालचालीतून मुलांपुढे त्यांचा स्वतःचा असा प्रश्न उभा राहिला का आणि तो सोडवताना ती विषयाच्या ज्ञानाकडे सरकली का, या दोन कसोट्या त्यांनी घालून दिल्या. शिक्षणपद्धतींच्या मूल्यमापनात त्या आजही उपयुक्त ठरतात.

निवडक ग्रंथसंपदा

सायकॉलॉजी (१८८७)
द स्कूल अँड सोसायटी (१८९९)
द चाइल्ड अँड द करिक्युलम (१९०२)
हाउ वी थिंक (१९१०, सुधारित आवृत्ती १९३३)
इंटरेस्ट अँड एफर्ट इन एज्युकेशन (१९१३)
स्कूल्स ऑफ टुमॉरो – कन्या एव्हलिन ड्यूई यांच्यासह (१९१५)
डेमॉक्रसी अँड एज्युकेशन (१९१६)
ह्यूमन नेचर अँड कंडक्ट (१९२२)
एक्स्पीरियन्स अँड नेचर (१९२५)
द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स (१९२७)
आर्ट ॲज एक्स्पीरियन्स (१९३४)
एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन (१९३८)